तुम्ही विचारलंत म्हणून: मालिका संपेपर्यंत थांबत का नाही?

प्रश्न साधारण असा असतो. कोरियन मालिका बघतेस ते ठीक आहे, पण चालू असलेली कशाला बघतेस? आठवड्याला दोन भाग, मग पाच दिवस वाट बघायची, आणि त्या पाच दिवसांत कधी न भेटलेल्या माणसांशी फोनवर वाद घालायचे की हिचं लग्न कुणाशी होणार. सोळा भाग संपू देत, मग एका शनिवार-रविवारात बघून टाक, डोक्याला ताप नाही. घरातले विचारतात, ऑफिसातले विचारतात, आणि हल्ली तर जे स्वतः मालिका बघतात तेही विचारायला लागलेत. ते मला जास्त लागतं, कारण त्यांना तरी कळायला हवं असं वाटतं.

आत्तापर्यंत मी हसून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

पूर्वी माझ्याकडे याचं एक तयार उत्तर होतं आणि ते मी फार ठासून द्यायचे. कोरियात मालिका चालू असतानाच तिचं शूटिंग चालायचं. निम्मे भाग दाखवून झाले तरी पुढचं लिहून झालेलं नसायचं, कधी कधी तर शूटिंगच्या दिवशीच नटांच्या हातात पानं पडायची. मालिका चालली की भाग वाढवायचे, पडली की आधीच गुंडाळायचे. मग मी म्हणायचे, बघा, प्रेक्षक काय बोलतात याचा परिणाम होतो, आम्ही बोलतो ते वाऱ्यावर जात नाही. ही बाजू मला फार भक्कम वाटायची. मग २०१६ मध्ये 'डिसेंडंट्स ऑफ द सन' आली, सोळाच्या सोळा भाग आधीच शूट झालेले, आणि ती तुफान चालली. आता तर बऱ्याच मालिका पहिला भाग लागायच्या आधीच तयार असतात. म्हणजे आम्ही आठवडाभर जे डोकं लावतो त्याने तिकडे काडीचाही फरक पडत नाही, शेवट कुठल्या तरी हार्ड डिस्कवर पडून आहे. माझं उत्तर गेलं. पण सवय गेली नाही, मी अजूनही चालू मालिकाच बघते, म्हणजे खरं कारण ते नव्हतंच.

आणि खरं सांगायचं तर प्रेक्षकांच्या ताकदीचं मला पूर्वीइतकं कौतुकही राहिलेलं नाही. २०२१ च्या मार्चमध्ये 'जोसॉन एक्सॉर्सिस्ट' दोन भागांनंतर कायमची बंद झाली. ऐतिहासिक मालिकेत चिनी धाटणीच्या वस्तू आणि खाणं दाखवलं म्हणून लोक भडकले, जाहिरातदार एकेक करून निघाले, आणि चॅनेलने हात वर केले. लोकांचा राग मला समजतो, इतिहासाबद्दल माणसं हळवी असतात. पण तिसरा भाग कुणी बघितलाच नाही. यावर माझं मत अजून पक्कं होत नाही, एक दिवस एक वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

तर मग खरं कारण काय. त्यासाठी 'रिप्लाय १९८८' बद्दल बोलावं लागेल, आणि जरा जास्तच बोलावं लागेल.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सोलमधली सांगमुन-डोंगची एक गल्ली, पाच शाळकरी मित्र, त्यात एकच मुलगी, दॉक-सन. अधूनमधून आजच्या काळातली, वय झालेली दॉक-सन आणि तिचा नवरा दिसतात, पण हा नवरा म्हणजे त्या चौघांपैकी कोण हे सांगत नाहीत. खरी चुरस दोघांत, तिरसट पण मनाने हळवा जंग-ह्वान, आणि गो हा पटावरचा खेळ खेळणारा, बाकी जगात हरवलेला तेक. नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६, शुक्रवार-शनिवार, वीस भाग. अख्ख्या कोरियात दोन तट पडले होते आणि आमच्या फोनवरच्या छोट्याशा ग्रुपमध्येही पडले. मी जंग-ह्वानच्या बाजूची. म्हातारा झालेला नवरा पडद्यावर ज्या फटकळपणे बोलतो तो जंग-ह्वानच, दुसरा कोण असणार, हा आमचा पुरावा. डिसेंबरच्या शेवटी सोळावा भाग झाला आणि १ आणि २ जानेवारीला भागच नव्हता. दोन आठवडे! त्या दोन आठवड्यांत आम्ही जुन्या भागांतली एकेक फ्रेम थांबवून बघितली.

मग ९ जानेवारीला अठरावा भाग. कथा १९९४ मध्ये गेलेली, जंग-ह्वान हवाई दलात. दॉक-सन एका कार्यक्रमाच्या दारात एकटी उभी आहे हे कळल्यावर तो गाडी काढून निघतो, सिग्नलला अडकतो, पोचतो तेव्हा तेक तिथे आधीच आलेला असतो, स्वतःचा सामना सोडून. नंतर मित्रांसमोर जंग-ह्वान तिला सगळं सांगतो, किती वर्षं, कसं कसं, आणि ती बघत राहते तेवढ्यात म्हणतो, गंमत केली. त्याने तिला देऊ केलेली अंगठी टेबलावर तशीच राहते.

मी त्या रात्री ग्रुपवर खूप मोठं लिहिलं. की हा अन्याय आहे. की या मुलाने सगळं केलं, फक्त बोलला नाही, आणि न बोलण्याची एवढी मोठी शिक्षा द्यायची का. गर्दीच्या बसमध्ये तिला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात टेकवून तो कसा उभा राहिला होता, सकाळी ती बाहेर पडेपर्यंत फाटकापाशी बुटाची नाडी बांधत कसा रेंगाळायचा, सगळं लिहिलं.

आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगी होती, माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणायची. पक्की तेकच्या बाजूची. तिने उत्तर लिहिलं ते मला जवळपास पाठ आहे. "ताई, नाडी बांधत थांबलेला आपल्याला दिसतो कारण कॅमेरा आपल्याला दाखवतो. तिला वाटणार हा रोज उशिराच निघतो. तिच्याकडे कुठे कॅमेरा आहे?"

मला इतका राग आला की मी फोन उलटा ठेवून दिला.

राग का आला ते तेव्हा कळलं नाही, दोन-तीन दिवसांनी कळलं. माझे बाबा असेच. आयुष्यात कधी एक शब्द कौतुकाचा नाही. पण मला ते सगळं माहीत होतं, कारण आई सांगायची. तुझ्या निकालाच्या दिवशी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, तुझं पत्र आलं की आधी चष्मा पुसतात, तू आजारी होतीस तेव्हा रात्रभर खुर्चीत बसले होते. मी जन्मभर सगळ्यांना अभिमानाने सांगत आले की आमचे बाबा बोलत नाहीत पण करतात. आणि आई गेल्यावर काय झालं, तर बाबा तेच राहिले, तसेच गप्प, फक्त मला काही दिसेनासं झालं. मला वाटायला लागलं होतं की ते बदलले, कोरडे झाले. आणि ही पोरगी, जिला यातलं काहीही माहीत नाही, एका मालिकेच्या भांडणात सांगते की कॅमेरा कुठे आहे. अगं, होता. आई होती.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. तिलाही सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात मी बाबांना सरळ विचारलं, आईच्या पश्चात तुम्हाला माझी आठवण येते का. ते काय म्हणाले ते माझ्यापाशी राहू दे.

आता माझं म्हणणं ऐका. हे अठराव्या आणि एकोणिसाव्या भागाच्या मधल्या आठवड्यातच होऊ शकत होतं. निकाल लागला नव्हता. ती मला पटवायला बघत होती आणि मी तिला, दोघींना उत्तर माहीत नव्हतं, म्हणून तिला कारण द्यावं लागलं. १५ तारखेला एकोणिसावा भाग लागला आणि कळलं की नवरा तेक. झालं, विषय संपला. त्यानंतर कुणी कुणाला काही पटवत नाही, "बरोबर निघालं" किंवा "लेखकांनी फसवलं", एवढंच बोलणं उरतं. मालिका संपल्यावर बघितली असती तर मी बाजू घेतलीच नसती, आणि बाजू घेतली नसती तर तिचं ते वाक्य माझ्यापर्यंत आलंच नसतं. तुम्ही म्हणता मधले पाच दिवस फुकट जातात. माझ्यासाठी मालिका त्या पाच दिवसांतच घडते, तास-दीड तासाचा भाग हा नुसता कच्चा माल.

पण हे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही, कारण पुढे जे झालं ते वाईट होतं. निकाल लागल्यावर आमच्याच बाजूच्या काहींनी तिला फार टोचून बोललं. जिंकलात ना, आता खूश का, तुमच्या हिरोला काय कर्तृत्व होतं, आणि मग घसरून तिच्या वयावर, तिच्या लग्न न होण्यावर. मी मध्ये पडले, त्या बोलणाऱ्यांपैकी दोघींशी माझं कायमचं बिनसलं, पण तोवर ती निघून गेली होती. मी वेगळा मेसेज केला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, "ठीक आहे ताई, मालिका संपली." बस. त्यानंतर काही नाही.

तुम्ही जेव्हा म्हणता की ही माणसं काही तुझी मैत्रीण-बित्रीण नसतात, तेव्हा मला तेच आठवतं आणि मी गप्प बसते, कारण त्यात तथ्य आहे. मालिका संपली की निम्म्या गप्पा संपतात. पुढच्या मालिकेला काही जुने येतात, काही येत नाहीत. पण मग बसमधल्या, ऑफिसातल्या किती माणसांशी मी न बोलण्याच्या शिक्षेबद्दल आठवडाभर भांडले आहे? एकाशीही नाही.

शेवट वाईट निघाला तर, हाही एक प्रश्न असतो. निघतो ना. 'रीबॉर्न रिच' २०२२ च्या डिसेंबरमध्ये संपली, सहा आठवडे आम्ही जिवाचं रान केलं आणि शेवटच्या भागात कळलं की नायकाचा तो दुसरा जन्म म्हणजे बेशुद्धीतलं स्वप्न. लोक भयंकर चिडले, मीही. पण त्या सहा आठवड्यांत आम्ही वारसा, पैसा, घरात कोण कुणाचं यावर जे बोललो ते खोटं ठरत नाही. आणि बोलण्याने काही होतच नाही असंही नाही, 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू' एका फारशा माहीत नसलेल्या चॅनेलवर ०.९ टक्के प्रेक्षकांवर सुरू झाली आणि १७.५ वर संपली. ते आकडे जाहिरातींनी वर गेले नाहीत, माणसं एकमेकांना सांगत गेली. सगळे भाग एकदम सोडायची सवय ज्या नेटफ्लिक्सने लावली, त्यांनीसुद्धा २०२५ च्या मार्चमध्ये 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' चार शुक्रवारांत चार-चार भाग असं वाटून दिलं. मला फार बरं वाटलं होतं, दर आठवड्याला रडायला सोबत होती.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. माझ्या भाचीने मागे 'रिप्लाय १९८८' एका दमात बघितली. मला म्हणाली, मावशी, तुम्ही लोक एवढं भांडलात कशावर, पहिल्यापासून दिसतंय की तेक आहे, ती कुणाकडे वळून बघते ते बघ ना. मी म्हटलं, तुला आधीच माहीत होतं. ती म्हणाली, नव्हतं, शपथ, फक्त मध्ये कुणी माझ्या डोक्यात दुसरं काही भरवलं नाही. म्हणजे आम्ही दहा आठवडे मालिका बघत होतो की आमची आम्ही रचलेली दुसरीच, हा तिचा प्रश्न. मी तिच्याशी तासभर वाद घातला, बसचा प्रसंग काढला, नाडीचा काढला, म्हाताऱ्या नवऱ्याचा फटकळपणा काढला. ती म्हणते हे सगळं जंग-ह्वानबद्दल आहे, दॉक-सनबद्दल यात काय आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता नवीन मालिका सुरू होतेय, तिला म्हटलंय ही माझ्याबरोबर आठवड्याला दोन-दोन भाग बघ आणि मग बोल. हो म्हणाली नाही अजून.