प्ले बॉक्समध्ये नव्हताच

पाचगणीकडचे एक काका जुनी महिंद्रा सीजे ३बी जीप घेऊन पसरणी घाटानं खाली वाईला, आमच्या गॅरेजवर आले. "मागं एकानं स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिलाय, तरी स्टेअरिंग ढिलंच आहे. अजून थोडं आवळ," म्हणाले.

मी एक चक्कर मारली आणि हबकलो. स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकं ढिम्म. या रिकाम्या फिरण्यालाच आम्ही प्ले म्हणतो. त्याहून वाईट म्हणजे वळणातून सुटताना स्टेअरिंग आपोआप परत येईना, मधोमध आलं की अडकायचं, हातानं ओढावं लागायचं. असं स्टेअरिंग घेऊन काका अख्खा घाट उतरले होते!

या बॉक्सच्या आत कॅम, म्हणजे स्टेअरिंगसोबत फिरणारा खाचवाला दांडा असतो आणि त्याच्या खाचेत लिव्हरच्या पिना फिरतात. चाकं सरळ असताना पिना सगळ्यात घट्ट बसाव्यात आणि वळवल्यावर थोड्या सैल व्हाव्यात, असा तो कॅम मुद्दाम घडवलेला असतो. त्यामुळे पिना खाचेत दाबणारा स्क्रू चाकं सरळ ठेवून, ड्रॅग लिंक म्हणजे बॉक्सपासून पुढं जाणारा दांडा सोडवूनच सेट करायचा. वळलेल्या चाकांवर आवळला की मध्यावर बॉक्स जाम होतो. इथं तेच झालं होतं.

मग मूळ प्ले कुठला? पोराला स्टेअरिंगवर बसवून थोडं थोडं हलवायला सांगितलं आणि मी गाडीखाली शिरलो. एकेका जॉइंटवर हात ठेवत गेलो. ड्रॅग लिंक ठीक, टाय रॉड एंड, म्हणजे चाकांकडं जाणाऱ्या दांड्यांची टोकं, तीही ठीक. ड्रॅग लिंकची हालचाल टाय रॉडकडं वळवणाऱ्या बेल क्रँकवर हात ठेवला तर तो पिनवर चक्क डुलत होता. उघडला. निडल बेअरिंगचा चुरा झालेला, पिनला नख अडकेल एवढी खाच, ग्रीस वाळून काळं ढेकूळ. ग्रीस भरायचा निपल चिखलानं पार बुजलेला. ग्रीस आत जाणार कुठून?

बेल क्रँकचं नवं किट टाकलं. बॉक्सचा लॉक नट सोडून स्क्रू मागं घेतला, आधी कॉलमच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या तपासल्या, मग मध्यावर किंचित जड लागेल इतपतच स्क्रू आत घेतला. पिना चपट्या झाल्या नव्हत्या, म्हणून बॉक्स वाचला.

"अजून बोटभर प्ले आहे की," काका म्हणाले.

"तेवढा असू द्या. तो काढायला गेलो तर पुन्हा जाम होईल."

त्यांना पटेना. मग त्यांनाच घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत चालवायला लावली. हात सैल सोडताच स्टेअरिंग सरळ परत आलं, तशी काकांनी गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "त्या निपलला ग्रीस कधी कधी मारायचं?"

"हजार-दीड हजार किलोमीटरला. आणि पावसाळा संपला की लगेच."