मागच्या रांगेतला तुणतुणेवाला

आठवीत माझा आवाज फुटला. शिवजयंतीच्या पोवाड्यातून सरांनी मला काढलं नाही, मागच्या रांगेत सरकवलं. डफ, ढोलकी, झांज वाटून झाली होती. उरलं तुणतुणं, आणि तेही गावातल्या गोंधळी आजोबांकडून मागून आणलेलं.

यात शिकायचं काय, असं कुणालाही वाटेल. लाकडाचं पोकळ नळकांडं, खालून चामड्यानं मढवलेलं. बाजूला काठी, तिच्या टोकाला खुंटी. चामड्याच्या मधोमध ओवलेली तार वर खुंटीला जाते. पडदे नाहीत, बोटं फिरवायची नाहीत. एक तार, एक सूर, छेडायला काडी.

आजोबा म्हणाले, "वाजवू नगंस अजून. आधी लाव."

सर पेटीवर काळी दोनचा सा धरायचे, आमचा शाहीर त्याच पट्टीत गायचा. मी खुंटी पिळायचो. केसभर फिरवावी तर हलत नाही, जोर लावावा तर सूर पुढे निघून जातो. खुंटीला खडू घासायचा हे आजोबांनी दाखवलं, तेव्हा कुठे ती जागेवर ठरायला लागली. तार सुराच्या जवळ आली की आवाजात हेलकावे उठतात. ते संथ होत होत थांबले, की लागली. मग सर सा आणि पंचम एकदम दाबायचे, आणि त्यात तुणतुणं मिसळलं की वर्ग भरून जायचा. संध्याकाळी दव पडलं की चामडं ढिलं पडून सगळं पुन्हा उतरायचं, ते वेगळंच.

पोवाडा प्रतापगडाचा. १६५९च्या त्या प्रसंगावर अज्ञानदासानं त्या काळीच पोवाडा रचला होता. आमचा मात्र मराठीच्या बाईंनी जुळवलेला, आणि यमकं जरा ओढूनताणून. शाहीर मध्ये गद्य बोलायला लागला की डफ थांबायचा. तुणतुणं थांबवायचं नाही, ही आजोबांची सक्त ताकीद. सूर कानात राहिला तरच गडी परत त्याच पट्टीत चढतो. झील धरताना, म्हणजे शाहिरामागून सूर उचलून धरताना, माझा फुटका आवाजही 'जी जी रं जी' मध्ये खपून गेला.

हल्ली शाळांतून पोवाड्यामागे मोबाइलवरचा तानपुरा लावतात. सूर चोख असतो, पण त्याला लय धरता येत नाही. आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवात पोवाडा ठेवला असेल तर मागच्या रांगेत मी उभा राहीन. तार आणि खडू शाळेनं द्यावा.