पावती पुस्तकं आधी, रोकडवही नंतर

गेल्या रविवारी भाचा घरी आला होता. सीएची आर्टिकलशिप करतोय पुण्यात. त्यांच्या फर्मला एका नगरपरिषदेचे हिशेब तपासायचं काम मिळालंय आणि साहेबांनी याला सांगितलंय, जायच्या आधी जोखमीचा तक्ता तयार कर. त्याने लॅपटॉप उघडून दाखवला. २७ ओळी. प्रत्येक ओळीपुढे घोटाळ्याची शक्यता किती आणि झालाच तर परिणाम किती, दोन्हीला १ ते ५ गुण, मग गुणाकार, आणि गुणाकाराप्रमाणे लाल, पिवळा, हिरवा रंग. दिसायला अगदी रांगोळी.

"आत्या, बघ ना जरा. काही राहिलंय का?"

चष्मा लावून बघितलं. रस्त्यांची कामं लाल. पाणीपुरवठा लाल. पगार पिवळा. आणि सगळ्यात खाली, हिरव्यागार रंगात, 'पावती पुस्तके व किरकोळ छपाई'. रक्कम कमी म्हणून परिणाम १, आणि का कोण जाणे, शक्यताही १.

म्हटलं, आधी चहा घे, आणि मग ही ओळ उचलून वर आण.

ज्यांना माझी नोकरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्रात नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती यांचे हिशेब तपासायला शासनाचं स्वतंत्र खातं आहे, स्थानिक निधी लेखापरीक्षा. कायदा १९३० चा, संचालनालय नवी मुंबईच्या कोकण भवनात, आणि आमच्यासारखी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांतून बॅगा घेऊन फिरणारी. मी त्यात ३१ वर्षं काढली. सातारा, सांगली, सोलापूर इकडेच जास्त. 'रिस्क असेसमेंट' हा शब्द आमच्याकडे फार उशिरा आला. पण कुठे हात घालायचा हे ठरवायला तर लागायचंच. वर्षभराची प्रमाणकं, म्हणजे खर्चाची व्हाउचरं, पोत्यात भरून समोर ठेवलेली आणि पथकात आम्ही तिघं, हातात १५ दिवस. सगळं बघणं कधीच शक्य नव्हतं.

तर पहिल्या दिवशी मी रोकडवही मागत नसे. रोकडवही ते आपणहून आणून ठेवतात, कव्हर घालून. मी मागायची पावती पुस्तकांची साठा नोंदवही. किती पुस्तकं छापली, कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, कोणाला कधी दिली, संपलेली परत आली का. ती वही लगेच मिळाली तर बरं वाटायचं. "भांडारपाल आज रजेवर आहेत" असं उत्तर आलं की मी वहीत तारीख टाकून ठेवायची.

याचं कारण साधं आहे. पैसा नगरपरिषदेचा होतो तो पावती फाडली त्या क्षणी. रोकडवहीत येतो तो त्यानंतर. पावतीच कार्यालयाला माहीत नसलेली असेल तर पुढचा सगळा हिशेब पैशापैशाला जुळेल, कारण तो पैसा हिशेबात आलेलाच नाही.

१९९८ ची गोष्ट आहे. एक क वर्ग नगरपरिषद, म्हणजे ४० हजारांच्या आतली वस्ती. त्या वर्षी तिथे ३८ लाखांचा रस्ता झाला होता. मी तेव्हा नवखी नव्हते, पण मोठ्या रकमेकडे धावायची खोड होतीच. त्या एका रस्त्यावर चार दिवस घातले. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, मोजमाप पुस्तक, सगळं उलटसुलट बघितलं. निघालं काय, तर मुरमाच्या स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) थोडी कमी कपात. बाकी रस्ता स्वच्छ. (अजूनही बरा आहे म्हणतात.)

गुरुवारी तिथला आठवडी बाजार. संध्याकाळी विश्रामगृहावर परतताना पेरू घेतले. म्हातारीच्या पाटीखाली बाजार फीची पावती दगडाने दाबून ठेवलेली. दोन रुपयांची. सहज नंबर बघितला, ४६ हजारांच्या घरातला. दुपारीच मी साठा नोंदवही चाळली होती आणि त्यात छपाई होती १०० पानांची ४०० पुस्तकं. म्हणजे ४० हजाराच्या पुढे पावती असायलाच नको.

"मावशी, ही पावती मला देता का?"

"घे की. माझं दोन रुपयं गेलं ते गेलंच."

दुसऱ्या दिवशी रस्त्याची फाइल बांधून बाजूला ठेवली आणि बाजार फीच्या मागच्या नोंदी काढल्या. सहा वर्षं उत्पन्न १९ हजारांच्या आसपास. एखाद्या वर्षी पाचशे वर, एखाद्या वर्षी तीनशे खाली. बाजार मात्र तेवढ्या काळात चावडीपासून थेट नदीपर्यंत पसरलेला. साधारण ३०० विक्रेते, २ रुपये, ५२ बाजार, तोंडी हिशेब केला तरी ३१ हजारांच्या वर जातो. म्हणजे पावत्या दोन जातीच्या छापल्या जात होत्या, एक नगरपरिषदेच्या आणि एक कोणाच्या तरी.

वर्षाला १२ हजार. ३८ लाखांच्या रस्त्यापुढे काहीच नाही. पण रक्कम लहान होती म्हणूनच तो प्रकार सहा वर्षं टिकला. भाच्याच्या तक्त्यात तो आजही हिरवाच आला असता.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, ती त्याला सांगितली. खर्च तपासायचा असेल तर कागद घेऊन गावात जायचं. उत्पन्न तपासायचं असेल तर गावात फिरून कागदाकडे यायचं. खर्चात लबाडी असते ती नसलेलं असल्याचं दाखवण्याची. कागदावर गटार आहे, जागेवर नाही. उत्पन्नात उलटं, जागेवर आहे आणि कागदावर नाही. पुष्कळ हुशार मुलं मालमत्ता कर तपासताना आकारणी यादी उघडतात, यादीतली ५० घरं निवडतात आणि त्यांची मागणी व वसुली जुळवतात. सगळं जुळतं. जुळणारच. जे घर यादीत नाही ते निवडीत येणार कसं? मी शहराच्या कडेला जायची, जिथे नवी बांधकामं चालतात तिथे. दुमजली दहा घरं लिहून घ्यायची, खाली गाळे असतील तर तेही, आणि मग कर विभागात बसून ती यादीत शोधायची. चतुर्वार्षिक आकारणी कागदोपत्री झालेली असायची, पण त्या दहातली तीन-चार घरं हमखास सापडायची नाहीत. एकदा त्यातलं एक घर कर निरीक्षकांच्या मेहुण्यांचं निघालं. तो दिवस कार्यालयात फार शांत गेला.

खर्चाबद्दल तेवढं लांबवत नाही, त्यावर वर्तमानपत्रं भरलेली असतात. कामाचे तुकडे बघायचे एवढंच. ३ लाखांच्या वरच्या कामाला ई-निविदा लागायची तेव्हा एकाच गटाराची तीन अंदाजपत्रकं बघितली आहेत मी: मारुती मंदिर ते पाण्याची टाकी, टाकी ते शाळा, शाळा ते स्मशानभूमी. तिन्ही २ लाख ९० हजारांच्या पुढे आणि ३ लाखांच्या आत. दरपत्रकं तीन वेगवेगळ्या ठेकेदारांची, पण 'सिमेंट'मधल्या वेलांटीचा घोळ तिन्हींत एकच.

मला जास्त सांगायचंय ते रोखपालाबद्दल. २०११ मधलं ऑडिट. पाणीपट्टीची वसुली एकाच खिडकीवर, पावती तोच फाडणार, रोख तोच मोजणार, बँकेत तोच भरणार, आणि रोकडवहीही त्याच्याच हस्ताक्षरात. माणूस इतका नेमका की ३१ मार्चला एक रुपयाचा फरक नाही. तीन वर्षांत एकही अर्जित रजा घेतलेली नाही. त्याबद्दल १५ ऑगस्टला त्याचा नारळ-शाल देऊन सत्कारही झाला होता.

मला त्या सत्काराचीच भीती वाटली. मी कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले, एकात पावतीची तारीख आणि दुसऱ्यात बँकेच्या चलनाची. वसुली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायची असते. इथे अंतर ८ ते ११ दिवसांचं, आणि ते वर्षभर तसंच. सोमवारची वसुली पुढच्या बुधवारी भरलेली, ती भरायला पैसे त्या पुढच्या आठवड्याच्या वसुलीतले. एकदा हातात आलेला आठवडाभराचा गल्ला तो सतत पुढे ढकलत होता. मार्चअखेर कुठून तरी आणून पूर्ण करायचा आणि एप्रिलमध्ये पुन्हा सुरू. रजा घेतली असती तर दुसऱ्या माणसाने खिडकीवर बसून दोन दिवसांत ओळखलं असतं.

आमच्या भाषेत याला 'तात्पुरता अपहार' म्हणतात. पैसे परत आले तरी अपहार तो अपहारच. मी अर्धसमास पत्र दिलं. हा आमचा जुना प्रकार: पानाच्या डाव्या अर्ध्यात आमचा प्रश्न, उजवा अर्धा त्यांच्या उत्तरासाठी कोरा. त्याचं उत्तर आलं, "बँकेत गर्दी असल्याने भरणा करण्यास विलंब झाला." सुंदर वळणदार अक्षर. त्या बँकेत मी दोनदा जाऊन आले होते. शिपाई पेंगत होता.

पण खरं सांगायचं तर दोष निम्मा त्याचा. चार कामं एका माणसाकडे देणारा कार्यालयीन आदेश मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचा होता. मी अहवालात तो आदेश क्रमांकासकट लिहिला. आधी लेखापाल आणि मग मुख्याधिकारी दोघांनीही मला समजावलं की कर्मचारीच नाहीत, पदं रिक्त आहेत. खरंच होतं ते. बहुतेक छोट्या नगरपरिषदांत खरं असतं. तरी रोकडवही लिहायला दुसरा हात मिळाला असता, जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर दोघं बसलेले होते.

भाच्याच्या तक्त्यात एक ओळ अजिबातच नव्हती, ती मी त्याला घालायला लावली: दुसऱ्याचे पैसे. मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असतो. तो १९६२ च्या कायद्याने शासनाचा. नगरपरिषद फक्त गोळा करते, कोषागारात भरायचा असतो. ठेकेदाराच्या बिलातून कापलेला १ टक्का कामगार उपकर, आयकर, कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी, ठेकेदारांच्या अनामत रकमा, यातलं काहीच नगरपरिषदेचं नाही. पण बँकेत शिल्लक दिसते, आणि दिवाळीचा सानुग्रह द्यायची वेळ आली की ती शिल्लक सगळ्यांनाच आपली वाटायला लागते. ताळेबंद सुदृढ दिसतो आणि आत उसनवारी असते. कापलेली रक्कम भरलेली नाही हे कोणी ओरडून सांगत नाही, कारण ज्याचे पैसे कापले त्याला वाटतं भरले गेलेत.

आणि बँक खाती मोज म्हटलं. प्रत्येक योजनेचं वेगळं खातं उघडायची पद्धत आहे. एका ठिकाणी आम्हाला यादी दिली २९ खात्यांची, आणि बँकांकडून पत्रं मागवली तर ४३ निघाली. १४ खात्यांत कुठे चारशे रुपये, कुठे बंद पडलेल्या योजनेचे सव्वादोन लाख. त्यातच दुहेरी नोंद पद्धत आल्यावर नगरपरिषदेची जुनी कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, एक आणि बाहेरच्या फर्मने संगणकावर केलेले लेखे दुसरे. दोन्हींची अखेरची शिल्लक जुळत नाही, मग फरक उचंत खात्यात, म्हणजे कुठे दाखवायचं ते ठरलेलं नाही अशा रकमांच्या खात्यात. उचंत हा फार सोयीचा शब्द आहे. एकदा तिथे टाकलं की रक्कम वर्षानुवर्षं उचललेलीच राहते.

तो सगळं टिपून घेत होता. मग हळूच म्हणाला, "पण आत्या, तुम्ही लोक महिने कसे निवडायचात?"

इथे मात्र मला गप्प बसावं लागलं. आमच्या पथकात सविस्तर तपासणीला मार्च ठरलेला, आणि दुसरा महिना बहुतेक वेळा सप्टेंबर. का, ते कोणी विचारलं नाही, माझ्या आधीच्यांनी तसंच केलं होतं. आणि हे प्रत्येक लेखापालाला ठाऊक होतं. त्या दोन महिन्यांची प्रमाणकं नेहमी कशी नीट शिवलेली असायची! भाच्याने लॅपटॉपवर ११ हजार पावत्या तारखेप्रमाणे लावून बँकेशी अंतर काढून दाखवलं. चहा थंड व्हायच्या आत. मला त्याच कामाला दोन दिवस आणि एक फुटपट्टी लागली होती. त्याने बाराही महिने घेतले. मी त्याला उगीच 'आमच्या वेळी' वगैरे ऐकवलं नाही.

निघताना एवढंच सांगितलं की वर्षभर लिहिलेली वही मळलेली असते. शाई बदलते, हस्ताक्षर बदलतं, एखाद्या पानावर चहाचा कप ठेवल्याचं वर्तुळ असतं.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आत्या, पावती पुस्तकांची साठा नोंदवही मिळाली. तिसऱ्या दिवशी. एप्रिलपासूनच्या सगळ्या नोंदी आहेत, पण सगळ्या एकाच पेनाने."

"वही कोणत्या दुकानातली आहे? आत शिक्का असेल बघ."

"आहे शिक्का."

"मग लेखनसामग्रीची प्रमाणकं काढ, आणि त्या दुकानाचं बिल कोणत्या तारखेचं आहे ते सांग मला."