बाबांची रात्रीची फेरी

रात्री साडेदहाला बाबांची फेरी निघते. पॅसेजमधला दिवा, बाल्कनीतला, मग देवघरातली ती चिमुकली माळसुद्धा. प्रत्येक बटणाबरोबर ठरलेलं वाक्य : "इथे काय लग्न आहे?"

ही सवय साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळातली. तो बल्ब दहा तास विसरला तर अर्ध्याहून जास्त युनिट जायचं, तेव्हा ओरडण्याला अर्थ होता. आता तिथे ९ वॅटचा एलईडी आहे.

आणि हेच बाबा सकाळी सहाला २००० वॅटचा गीझर लावून पेपर उघडतात. शब्दकोडं सुटेपर्यंत उठत नाहीत. पाणी तापलं की गीझर आपोआप बंद होतो म्हणे. होतो ना, पण जरा निवलं की पुन्हा सुरू! शेवटी ते इतकं कढत निघतं, की निम्मी बादली विसण घालावं लागतं. म्हणजे आधी वीज जाळून तापवायचं आणि मग नळाखाली धरून निववायचं.

आईने मात्र वीज, गॅस वाचवण्यावर कधी भाषण दिलं नाही. तिची तूरडाळ तासभर आधी भिजलेली असते. एकाच कुकरात खाली वरण, वर भात आणि भांड्याच्या कडेला जागा सापडेल तिथे कोंबलेले दोन बटाटे. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. शेजारच्या काकू पाच-सहा शिट्ट्या मोजतात, त्यावर आईचं मत : "डाळ शिजत नाही गं, गॅस ओरडतो." बरोबरच आहे. कुकरात पाणी साधारण १२० अंशांना उकळतं. शिट्टीनंतर आच कितीही मोठी ठेवा, आतलं तापमान वाढत नाही, नुसती वाफ बाहेर. आईला अंश-बिंश ठाऊक नाहीत. ती गॅस थोडा आधीच बंद करते आणि उरलेलं काम जिरणाऱ्या वाफेवर सोपवते. मधेच कोणी झाकणाला हात लावला तर त्याची खैर नाही.

परवा मी बाबांना कागदावर हिशोब मांडून दाखवला. रात्रभर विसरलेला दिवा जेवढी वीज खातो, तेवढी गीझर तीन मिनिटांच्या आत खातो. त्यांनी चष्मा लावून दोनदा तपासलं. आकडेमोड बरोबर निघाली. मग कागदाची घडी करून खिशात टाकली, उठले आणि जाता जाता माझ्या डोक्यावरचा दिवा बंद केला.

"तीन मिनिटं तर तीन मिनिटं."