शेपटीच्या चाकाची ओढ

प्रवासी विमान चालवणे हा माझा व्यवसाय आहे. सुट्टीच्या दिवशी मात्र माझे पाय वळतात ते पायपर जे-३ कब या छोट्या, दोन आसनी जुन्या विमानाकडे. १९३८ ते १९४७ या काळात तयार झालेल्या या विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असून त्यावर कापड ताणून बसवलेले असते, इंजिन बहुधा ६५ अश्वशक्तीचे असते आणि वैमानिक एकटा असेल तर त्याने मागच्या आसनावर बसायचे असते. विजेची यंत्रणा नसल्यामुळे पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागते (त्या क्षणी कितीही अनुभवी माणूस नम्र होतो).

खरी परीक्षा जमिनीवर होते. नाकाखाली चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, म्हणून ते थोडे तिरके टेकले तरी आपोआप सरळ होऊ पाहते. शेपटीखाली चाक असलेल्या कबमध्ये तो मुख्य चाकांच्या मागे असल्याने किंचित भरकटलेली शेपटी आणखी भरकटत जाते आणि रडरच्या (शेपटीवरील सुकाणूच्या) पेडलांनी वेळीच आवरली नाही, तर विमान जमिनीवरच गिरकी घेते. मोठ्या विमानात बराच काळ स्वयंचलित यंत्रणेवर लक्ष ठेवणे एवढेच माझे काम असते. येथे विमान पूर्ण थांबेपर्यंत पायांना उसंत नसते.

जुने कापड बदलणे आणि सुटे भाग शोधत बसणे मला मुळीच आवडत नाही. तरीही बाजूचे दार उघडे ठेवून संथपणे शेतांवरून उडताना त्या कटकटीची आठवणही होत नाही.