तुम्ही विचारलंत म्हणून : केशरी बटणापाशी हात का अडतो?

"हार्डवर गाणं निघतं, पण एक्सपर्टला घेतलं की बोटं मागं पडतात. बोटं फास्ट कशी करायची?" गिटार हिरो किंवा क्लोन हिरो खेळणारं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच. (हे व्हिडिओ गेम. पडद्यावर रंगीत नोटा येतात, गिटारच्या आकाराच्या कंट्रोलरवर डाव्या हातानं त्या रंगाचं बटण दाबायचं आणि उजव्या हातानं स्ट्रम बार नावाची पट्टी हलवायची. मीडियम, हार्ड, एक्सपर्ट या अवघडपणाच्या चढत्या पायऱ्या.) सांगलीच्या विश्रामबागेतली कॉलेजची पोरं विचारतात, मिरजेतला भाचा तर फोन करून विचारतो. माझं उत्तर दरवेळी एकच असतं : बोटं राहू देत, आधी उजव्या हाताकडं बघा. (डावखुऱ्यांनी हात उलटे धरावेत.)

लहानपणी मी मिरजेत तबला शिकलो. क्लास सतारमेकर गल्लीपासून जवळच होता, जाता-येता भोपळ्यांच्या राशी दिसायच्या. गुरुजी तबल्याला हात लावू द्यायच्या आधी बोल तोंडानं म्हणायला लावत, टाळी देत. ठायीत, म्हणजे संथ लयीत, बोल स्वच्छ आला नाही तर दुगुन, म्हणजे दुप्पट वेग, करू देत नसत. पुढं बऱ्याच वर्षांनी जुना, वायरचा एक्स्प्लोरर कंट्रोलर हाती आला, तेव्हा हे सगळं विसरून मी नुसता रंगांच्या मागं धावत होतो. दोन महिने एकाच गाण्यात अडकलो. एका रात्री घरचे झोपले होते म्हणून आवाज बंद करून खेळलो आणि पहिल्यांदा माझ्याच स्ट्रम बारची खटखट कानावर पडली. ती लयीत नव्हती. डावी बोटं वेळेवर पोचत होती, उजवा हात पुढं पळत होता.

तेव्हापासून मी जलद जागा खाली-वर, खाली-वर अशाच वाजवतो. मात्रेवर खाली, मधल्या जागेवर वर. सगळं खालच्याच फटक्यानं काढायला गेलं की हात लगेच दमतो. बार अंगठा आणि तर्जनीत अलगद धरायचा, हालचाल मनगटातून, कोपरातून नाही. आतला स्विच थोड्या दाबानंच लागतो, त्यामुळं बार तळापर्यंत आपटण्याची गरज नसते.

आता केशरी बटण. हिरवं, लाल, पिवळं, निळं इथवर चार बोटांना चार बटणं मिळतात. मीडियम तेवढ्यावर निघतं, हार्डपासून पाचवं येतं. काहीजण करंगळी निळ्यावरून केशरीवर ताणतात. मी अख्खा हात एक घर केशरीकडं सरकवतो, तर्जनी लालवर आणतो. दोन्ही चालतं. चालत नाही ते ऐनवेळी ठरवणं. प्रॅक्टिस मोडमध्ये तेवढाच तुकडा घ्या, वेग कमी करा आणि हात कुठल्या नोटेनंतर सरकणार हे पक्कं करा. मी ती जागा तोंडानं म्हणतो, "लाल, निळा, सरक, केशरी," अगदी बोल म्हणावेत तशी.

सरकता येत नसेल तर अंगठा तपासा. हे मला फार उशिरा कळलं. खुर्चीत बसून खेळताना कंट्रोलरची मान खाली झुकते, ती उचलून धरायला डावा अंगठा मागून आवळला जातो आणि चारही बोटं ताठ होतात. बसून खेळत असाल तरी पट्टा गळ्यात घाला. मानेचं वजन पट्ट्यावर गेलं की अंगठा सुटतो.

हॅमर-ऑन आणि पुल-ऑफच्या नोटा तर विश्रांतीच्या जागा आहेत. आधीची नोट लागली असेल तर या नुसत्या बटण बदलून लागतात, स्ट्रम लागत नाही. त्या वेळेत स्ट्रम केल्या तरी चालतं, पण घाईत एक खट जास्त झाली की साखळी तुटते. सलग दहा नोटांना दुप्पट गुण, वीसला तिप्पट, तीसला चौपट असा चढवलेला गुणांक एका जादा खटक्यानं खाली येतो. पुल-ऑफसाठी खालचं, म्हणजे हिरव्याकडचं, बटण आधीच दाबून ठेवा, वरचं बोट नुसतं उचला. एकेरी नोटेला खालचं बटण दाबलेलं राहिलं तरी गेम मान्य करतो, कॉर्डला, म्हणजे एकदम येणाऱ्या दोन-तीन नोटांना, मात्र नेमकी बटणंच लागतात.

नोटांचा स्क्रोल वेगही थोडा वाढवून बघा. पहिल्या दिवशी घाबरायला होईल, पण गाण्याची लय बदलत नाही, नुसत्या नोटा लांब लांब दिसतात आणि दाटी सुटते.

आणि एवढं करूनही नोटा सतत एकाच बाजूला चुकत असतील, म्हणजे नेहमी लवकर किंवा नेहमी उशिरा, तर स्वतःला बोल लावू नका. टीव्हीवर चित्र उशिरा येतं. टीव्हीचा गेम मोड चालू करा, मग गेममधलं कॅलिब्रेशन, म्हणजे हा उशीर जुळवून घेणं. भाच्यानं तीन आठवडे बोटं घासली होती. परवा त्याच्या घरी जाऊन कॅलिब्रेशन करून दिलं, तर तेच गाणं पहिल्याच खेपेला शेवटपर्यंत गेलं. आता तो पट्टा लावून बसतो आणि पुढच्या गाण्यातली सरकायची जागा मला फोनवर म्हणून दाखवतो.