स्नायू, पेशी आणि शीर: मराठी विकिपीडियावर मेंदूबद्दल लिहिताना

हिंदीत ‘मांसपेशी’ म्हणजे स्नायू आणि ‘स्नायु तंत्र’ म्हणजे मज्जासंस्था. मराठीत पेशी वेगळी, स्नायू वेगळा. त्यात आपल्या बोलण्यात ‘शीर’ हा एकच शब्द रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्हींसाठी चालतो: सलाईन शिरेतून लावतात आणि कंबरेत दबते तीही शीरच. म्हणून मेंदूवरचा लेख हिंदीवरून किंवा यंत्राकडून उतरवून घेतला की मज्जातंतूच्या जागी स्नायू येऊन बसतो. वाक्य व्याकरणाने बिनचूक असतं, त्यामुळे चूक कुणाच्या नजरेलाही पडत नाही. चार-पाच जणांनी मिळून मेंदूविज्ञानाचे लेख सुधारायला घेतले, तर टंकायला बसण्याआधी शब्द ठरवणं हेच पहिलं काम, असं आमचं ठाम मत आहे.

गोव्यातल्या वाचकासाठी हे आणखी महत्त्वाचं. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल बहुधा पाचवीत इंग्रजी माध्यमात जातं. मेंदूचा धडा येतो तेव्हा समोर ॲक्सॉन, डेंड्राइट आणि सिनॅप्स असतात. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतले चेतापेशी (न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणारी पेशी), अक्षतंतू, वृक्षिका (डेंड्राइट) त्याने पाहिलेलेच नसतात. मराठी विश्वकोश उघडला तर तिथे तंत्रिका तंत्र आणि कोशिका. घरी मोठी माणसं म्हणतात मज्जातंतू. चारही घराणी बरोबर आहेत, पण एकाच लेखात चारही आली की वाचणारा हरवतो. आम्ही पाठ्यपुस्तकातले शब्द घेतो आणि पहिल्या उल्लेखात ‘अक्षतंतू, म्हणजेच ॲक्सॉन’ असं लिहितो. पुढे फक्त अक्षतंतू. लेख सुरू करण्याआधी वीसेक शब्दांची यादी लेखाच्या चर्चा पानावर (संपादकांनी आपसात बोलायच्या पानावर) टाकायची. नंतर येणारा संपादक ती पाहतो आणि निम्म्या लेखात मज्जापेशी घुसवत नाही.

शीर्षकाच्या बाबतीत हीच अडचण दुप्पट होते. चेतापेशी, तंत्रिका कोशिका, न्यूरॉन, मज्जापेशी, ही सगळी नावं शोधपेटीत टाकून पाहिल्याशिवाय नवं पान उघडू नये. इंग्रजी लेखाचं विकिडेटा कलम (वेगवेगळ्या भाषांतले लेख एकमेकांना जोडणारी नोंद) उघडलं की मराठी दुवा आहे की नाही ते कळतं, पण जुन्या छोट्या लेखांना कधी दुवा जोडलेलाच नसतो, म्हणून दोन्ही तपासण्या लागतात. लेख एकच ठेवायचा, बाकीच्या नावांची पुनर्निर्देशनं करायची, म्हणजे ते नाव शोधलं तरी वाचक त्याच लेखावर पोचतो. पक्षाघातासाठी लकवा, अर्धांगवायू आणि ‘अंगावरून वारं जाणे’ हेही पुनर्निर्देशन हवंच. लोक शोधतात ते याच शब्दांनी.

एक बारीक पण त्रासदायक गोष्ट कळफलकाची. ‘ॲमिग्डला’मधला ॲ दोन प्रकारे टंकता येतो: एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा अ आणि वरची चंद्रकोर जोडून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळी शीर्षकं. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्याचंही तेच: काही कळफलक मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. गटातल्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा, आणि शीर्षकात ॲ असेल तर दुसऱ्या रूपाचं पुनर्निर्देशन लगेच करून टाकावं.

आता संदर्भ. लेखाची खरी किंमत इथे ठरते. मेंदूत किती चेतापेशी आहेत, या एका वाक्याचं उदाहरण घ्या. ‘शंभर अब्ज चेतापेशी आणि त्यांच्या दहापट ग्लायल (म्हणजे आधार देणाऱ्या) पेशी’ हे वाक्य कितीतरी वर्षं पुस्तकांतून फिरत राहिलं. २००९ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी मोजणीची नवी पद्धत वापरली. ऊतींचं द्रावण करायचं, त्यातली पेशीकेंद्रकं रंगवायची आणि ती मोजायची. आकडा आला सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, आणि चेतापेशी नसलेल्या पेशी जवळपास तेवढ्याच, सुमारे ८५ अब्ज. म्हणजे दहापट नाही, साधारण एकास एक. हा आकडा लिहिताना एवढंही लिहायला हवं की मोजलेले मेंदू चार होते, सगळे पुरुषांचे, ५० ते ७१ वयाचे. ८६ अब्जांतल्या सुमारे ६९ अब्ज चेतापेशी अनुमस्तिष्कात (मागचा, खालचा छोटा मेंदू) आणि १६ अब्ज प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) बाह्यांगात. ‘मेंदू म्हणजे वरची सुरकुतलेली साल’ असं मानणाऱ्याला ही वाटणी थांबवते, म्हणून ती वगळू नये.

ताज्या एकाच प्रयोगावर विधान उभं करायचं नाही. आरोग्याशी संबंधित विधानासाठी आढावा लेख (आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासणारा), प्रमाणित पाठ्यपुस्तक किंवा मोठ्या वैद्यकीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं, आणि शक्यतो गेल्या पाच वर्षांतली. वर्तमानपत्रातली ‘शास्त्रज्ञांना सापडली स्मरणशक्तीची कळ’ अशी बातमी संदर्भ म्हणून अजिबात चालत नाही. ती बऱ्याचदा उंदरांवरच्या प्रयोगाची असते आणि बातमीत उंदीर गळून गेलेला असतो.

मोठे आकडे उतरवताना बिलियन म्हणजे अब्ज, मिलियन म्हणजे दहा लाख, हे कागदावर लिहून समोर ठेवा. ५० मिलियनचे ‘५० लाख’ होणं ही नेहमीची चूक आहे. ते ५ कोटी. संदर्भाचा साचा भरताना डीओआय क्रमांक (शोधनिबंधाचा ओळख क्रमांक) चिकटवला की बहुतेक माहिती आपोआप येते, पण लेखकांची नावं आणि वर्ष डोळ्यांनी पडताळा. साच्यातली तारीख इंग्रजी अंकांत, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने टाकली की लाल अक्षरांतली तक्रार सहसा येत नाही.

भाषांतराचं साधन वापरायला आमची हरकत नाही. पण यंत्र ‘चेतापेशी फायर होते’चं गोळीबार करतं, श्वेतद्रव्याला (व्हाइट मॅटर) ‘पांढरी बाब’ म्हणतं, आणि क्रिया विभवाची (ॲक्शन पोटेन्शियल, चेतापेशीतला विजेचा संदेश) ‘कृती क्षमता’ होते. ही तरी दिसणारी चूक. न दिसणारी अशी: विराम विभव (शांत चेतापेशीच्या पटलाच्या आत-बाहेरचा विजेचा फरक) सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो हे ठीक, पण तो सोडियम-पोटॅशियम पंपामुळेच निर्माण होतो, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. पंप दर खेपेला तीन सोडियम आयन बाहेर आणि दोन पोटॅशियम आयन आत नेतो हे खरं, पण त्याचं मुख्य काम आतल्या-बाहेरच्या प्रमाणातला फरक टिकवणं. विभवाचा मोठा भाग येतो तो पटलातल्या उघड्या वाहिन्यांतून पोटॅशियम बाहेर झिरपत राहतो म्हणून. इंग्रजी लेखात हे नीट असलं तरी आखडतं करताना नेमकं हेच वाक्य कापलं जातं. भाषांतर हाताने केलं असेल तर संपादन सारांशात मूळ लेखाचा दुवा द्यायलाच हवा, परवान्याची ती अट आहे.

कामाची वाटणी: एका बैठकीत एकच लेख. एकाने आढावा लेख वाचून विधानं काढायची, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने शब्द आणि आकडे तपासायचे, चौथ्याने चित्रं पाहायची. दहा जणांनी दहा तीन-तीन ओळींचे लेख केले तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. सहाशे-आठशे शब्दांचा एक लेख, प्रत्येक परिच्छेदाला निदान एक संदर्भ, एवढं एका दुपारी होतं. मसुदा धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या कच्च्या कामाच्या पानावर), प्रत्येकाने आपापलाच विभाग उघडायचा. दोघांनी एकच विभाग उघडला की संपादनं एकमेकांवर आदळतात. खाती आदल्या दिवशी घरूनच उघडून यावीत, कारण एका आयपी पत्त्यावरून चोवीस तासांत सहाच नवी खाती निघतात आणि ग्रंथालयाच्या वायफायवर सातवा माणूस अडकतो. जून-जुलैत वीज जाणार हे गृहीत धरून दर पंधरा मिनिटांनी धूळपाटी जतन करा. विश्वकोशाचे छापील खंड हाताशी हवे असतील तर मोठ्या ग्रंथालयात विचारा, पणजीतल्या पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात तर नक्कीच. ते वाचायचे, उतरवायचे नाहीत.

चित्रांचं थोडक्यात. ‘अव्यावसायिक वापरासाठी’ अशा परवान्याचं चित्र कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रभांडारावर) चालत नाही. घरातल्या कुणाचा एमआरआय चढवू नका, कोपऱ्यात नाव आणि तारीख छापलेली असते. आकृतीवर मराठी नावं घालताना ‘अनुमस्तिष्क’ चौकटीबाहेर जातं, जोडाक्षरं तुटतात. आकडे घालून खाली सूची देणं बरं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियांचा पुतळा मात्र खुशाल टिपा. सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाच्या छायाचित्राला भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या माणसाने संमोहनाचं कारण चुंबकी द्रवात नसून त्या व्यक्तीच्याच मनात आहे असं मांडलं. त्यांना ‘मेंदूविज्ञानाचे जनक’ करायचा मोह आवरा. त्यांचं खरं काम पुरेसं मोठं आहे.

पहिला लेख कोणता घ्यावा असं कुणी विचारलं तर आम्ही अपस्मार सांगू. मिरगी, फेफरे, आकडी, फिट, सगळी पुनर्निर्देशनं त्याच पानावर. फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवतात, दातांत चमचा घालतात. यातलं काहीही झटका थांबवत नाही, आणि तोंडात वस्तू घातल्याने इजा होते, हे संदर्भासह स्पष्ट लिहा. कुशीवर वळवणं, डोक्याखाली मऊ काही ठेवणं, वेळ मोजणं, आणि झटका पाच मिनिटांपुढे गेला तर ती तातडीची स्थिती, हेही. औषधाचं नाव आलं तरी मात्रा लिहू नका. आणि १०८ क्रमांक लेखात टाकू नका. गोव्यात तो लागतो, पण हा लेख मराठी वाचणारा माणूस कुठेही बसून उघडणार आहे.